७०-२०० एफ २.८ लेन्स: आधी उभे राहण्याची जागा, मग झूम

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. गेली अडीच वर्षे मी ७०-२०० मिलिमीटर, एफ २.८ ही टेलिफोटो झूम लेन्स, म्हणजे दूरचे जवळ आणणारी लेन्स, वापरत आहे (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे आणि उजेड जास्त). दिवे घाटातली वारी, विसर्जन मिरवणूक आणि तालमीतली कुस्ती हे माझे नेहमीचे विषय. ही लेन्स घ्यावी का आणि घेतली तर वापरावी कशी, असे काही सदस्यांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले होते. एकेकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा जे हाती लागले ते एकत्र मांडावे, म्हणजे जाणकारांना भर घालता येईल आणि माझे चुकत असेल तिथे दुरुस्त करता येईल, म्हणून हा धागा काढत आहे.

दुकानात ही लेन्स हाती घेणारा माणूस पहिल्यांदा ती २०० वर फिरवतो आणि रस्त्यापलीकडची पाटी वाचून पाहतो. पुढचे वर्षभर मी तिचा उपयोग साधारण तेवढ्यासाठीच केला. जिथे उभा असेन तिथूनच झूमचे कडे फिरवायचे आणि विषय चौकटीत भरायचा. त्या वर्षातली छायाचित्रे एकापुढे एक ठेवली तर सगळ्यांत मोठा चेहरा आणि मागे धूसर रंग एवढेच आहे. तो चेहरा कोणत्या गावातला, कोणत्या गर्दीतला, हे कळायला चित्रात काहीही उरलेले नाही. मी अंतर निवडतच नव्हतो. जे अंतर वाट्याला आले ते झूमने भरून काढत होतो.

दिवे घाटात हे लक्षात आले. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून सासवडकडे निघते, तेव्हा दुपारनंतर ती वडकीच्या बाजूने घाट चढू लागते. पहिल्या वर्षी मी रस्त्याच्या कडेला, दिंडीपासून पाच-सहा मीटरवर उभा राहिलो होतो. समोरचे दोन-तीन वारकरी मोठे आले आणि त्यांच्या मागची हजारोंची रांग चित्रात विरळ, जवळजवळ रिकामी दिसली. दुसऱ्या वर्षी वरच्या वळणावर चढून गेलो आणि खालच्या वळणावरून वर येणारी तीच रांग २०० मिलिमीटरवर घेतली. पताका, तुळशी वृंदावने, टोप्या, सगळे एकावर एक रचल्यासारखे भरगच्च आले. घाटात उभे असताना डोळ्यांना जी दाटी जाणवते ती पहिल्यांदा कागदावर उतरली.

याचे कारण साधे गणित आहे. समजा दोन वारकरी एकमेकांपासून २० मीटर अंतर ठेवून चालत आहेत. पुढच्यापासून मी ५ मीटरवर असेन, तर मागचा माझ्यापासून २५ मीटरवर असतो आणि चित्रात तो पुढच्याच्या एक पंचमांश उंचीचा दिसतो. मी ६० मीटरवर गेलो, तर मागचा ८० मीटरवर असतो आणि त्याची उंची पुढच्याच्या तीन चतुर्थांश दिसते. म्हणजे दाटी निर्माण करते ते अंतर. त्याच जागेवरून ७० मिलिमीटरवर काढलेल्या चित्राचा मधला भाग कापून मोठा केला, तरी त्या दोघांचे प्रमाण तेच राहील. २०० मिलिमीटरमुळे तो भाग पूर्ण तपशिलासह मिळतो, इतकेच. म्हणून आता मी आधी पायांनी जागा ठरवतो, मागचे आणि पुढचे यांचे प्रमाण मनासारखे झाले की थांबतो, आणि चौकटीच्या कडा नीट करण्यासाठी शेवटी झूम फिरवतो. या लेन्सबद्दल मला सांगायचे आहे त्यातले सर्वांत महत्त्वाचे हेच.

जागा ठरवताना दोन आकडे उपयोगी पडतात. फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरला १० मीटर अंतरावर आडवी चौकट १.८ मीटर रुंद असते आणि ७० मिलिमीटरला ती ५ मीटरच्या किंचित वर जाते. कॅमेरा उभा धरला, तर १० मीटरवरचा उभा माणूस २०० ला डोक्यापासून पायांपर्यंत जेमतेम मावतो. अंतर दुप्पट केले की चौकटही दुप्पट होते. एवढे पाठ असले की लेन्स डोळ्याला न लावताही कुठे उभे राहायचे ते समजते.

एफ २.८ बद्दलही एक गोष्ट. पैसे मोजले आहेत म्हणून सदैव त्याच छिद्रावर राहण्याची सवय मी बऱ्याच उशिरा सोडली. २०० मिलिमीटरला, ५ मीटर अंतरावर आणि एफ २.८ वर, जेवढा भाग स्पष्ट येतो त्याची खोली सुमारे १० सेंटिमीटर भरते. तिरक्या चेहऱ्याचा जवळचा डोळा रेखीव आणि कान धूसर, अशी स्थिती होते. एकट्या माणसाच्या चित्रात ते शोभते. टाळकऱ्यांच्या ओळीत मात्र एकच जण स्पष्ट येतो आणि बाकीच्यांवर अन्याय होतो. तिथे मी एफ ५.६ किंवा ८ वर जातो. दहा मीटरवर हीच खोली सुमारे ४० सेंटिमीटर होते आणि वीस मीटरवर दीड मीटरच्या पुढे जाते, त्यामुळे दूर असताना एफ २.८ फारसे भय देत नाही.

आपापले अनुभव लिहावेत ही विनंती.

नवीन_शटर

दादा, तुम्ही फार उपयुक्त लिहिले आहे. मी महाविद्यालयात शिकतो. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, १.५ पट गुणकाचा कॅमेरा आहे आणि यंदाच्या वारीसाठी लेन्स घेण्याचा विचार आहे. एफ ४ ची ७०-२०० पुष्कळ स्वस्त आणि हलकी मिळते. एका स्टॉपच्या, म्हणजे दुप्पट प्रकाशाच्या फरकासाठी एवढी रक्कम घालणे योग्य ठरेल का? आणि माझ्या कॅमेऱ्यावर ७० मिलिमीटर फार जवळचे होईल का?

जुनी_फिल्म

मी बरीच वर्षे वृत्तपत्रासाठी छायाचित्रे काढली, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. एफ २.८ चा आग्रह कुठून आला हे समजले की तुमचा निर्णय सोपा होईल. कॅननची ८०-२०० एफ २.८ ही लेन्स १९८९ मध्ये आली, त्यांची ७०-२०० १९९५ मध्ये आली आणि हाताचा कंप सावरणारी यंत्रणा तिच्यात २००१ मध्ये बसली. त्या काळात आमच्या पिशवीत ४०० आयएसओची फिल्म असे (आयएसओ म्हणजे प्रकाशाला किती संवेदनशील, त्याचा आकडा). संध्याकाळची सभा असली की तीच फिल्म १६०० समजून वापरायची आणि डार्करूममध्ये जास्त वेळ धुवायची. दाणा ज्वारीएवढा दिसे, तरी दुसरा उपाय नव्हता. अशा वेळी एफ ४ ऐवजी एफ २.८ म्हणजे दुप्पट प्रकाश, म्हणजे सेकंदाच्या १/६० च्या जागी १/१२५ चे शटर. तेवढ्यावर वक्त्याचा हात स्पष्ट येणार की पुसट, हे ठरत असे. पहिल्या पानावर चित्र लागणे न लागणे त्यावर अवलंबून होते.

आजच्या कॅमेऱ्यांवर ३२०० आयएसओ सहज वापरता येते. वारी दिवसाउजेडी चालते. आषाढाचे ढग असले तरी उजेड पुरेसा असतो आणि तो मऊ असतो, त्यामुळे चेहऱ्यांवर कडक सावल्या पडत नाहीत. केवळ वारीसाठी घेत असाल तर एफ ४ पुरेल, असे माझे स्पष्ट मत आहे. वजनाचाही विचार करा. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटच्या (माउंट म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडण्याची बैठक) ७०-२०० एफ २.८ च्या दुसऱ्या आवृत्तीचे वजन १४९० ग्रॅम आहे. सोनीने २०२१ मध्ये आणलेली दुसरी आवृत्ती १०४५ ग्रॅमवर आली आहे, पण तिची किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्यातली नाही. दिवसभर वारकऱ्यांबरोबर चालायचे असेल तर पाऊण किलोची लेन्स आणि दीड किलोची लेन्स यांत संध्याकाळी किती फरक पडतो, हे खांदा सांगतो. थकलेला माणूस जागा बदलायला कंटाळतो, आणि मुठाकाठ यांनी वर जे लिहिले आहे तेच नेमके होईनासे होते.

क्रॉप सेन्सरवर ७० मिलिमीटरचा दृष्टिकोन १०५ सारखा होतो. घाटाच्या वळणावर ते चांगले, पण पेठेतल्या अरुंद रस्त्यावर मागे सरकायला जागा नसते. तिथे कॅमेऱ्याबरोबर आलेली छोटी झूम खिशात असू द्या.

रंगमागे

जुनी_फिल्म काकांशी मी वारीपुरती सहमत आहे, पण नाट्यगृहात त्यांचे मत लागू पडत नाही. मी दहा-बारा वर्षे प्रायोगिक आणि व्यावसायिक नाटकांची छायाचित्रे काढते. बालगंधर्व, भरत, टिळक स्मारक, कोथरूडचे यशवंतराव चव्हाण, या सगळ्या ठिकाणी माझ्या पिशवीतून पहिल्यांदा बाहेर येते ती ७०-२०० एफ २.८.

प्रेक्षागृहात मध्यावर, रंगमंचापासून साधारण १५ मीटरवर, कडेच्या खुर्चीत बसले की वर दिलेल्या गणिताने ७० मिलिमीटरला पावणेआठ मीटर रुंदीचा रंगमंच चौकटीत येतो आणि २०० ला एक उभा नट आडव्या चौकटीत डोक्यापासून पायांपर्यंत बरोबर बसतो. म्हणजे एकाच खुर्चीवरून संपूर्ण नेपथ्यही मिळते आणि एकटा माणूसही. इथे मला पाय हलवण्याची मुभा नसते, कारण मागे तिकीट काढून बसलेला प्रेक्षक असतो. त्यामुळे जागेची निवड पडदा उघडण्याच्या आधी करावी लागते. शक्य असेल तेव्हा मी रंगीत तालीम पाहते, कोणता प्रवेश कोणत्या बाजूला घडतो ते टिपून ठेवते आणि त्यानुसार डावी किंवा उजवी कड मागते. जागा आधी, झूम नंतर, हे सूत्र नाट्यगृहात जास्तच कठोरपणे पाळावे लागते.

प्रकाशाचे म्हणाल तर, गंभीर प्रवेशात एकाच दिव्याच्या उजेडात बसलेल्या नटासाठी मला एफ २.८, शटर १/२०० आणि आयएसओ ३२०० ते ६४०० लागते. एफ ४ वर हेच शटर १/१०० वर येते. कंप सावरणारी यंत्रणा माझा हात स्थिर करते, नटाचा हात करत नाही. संवाद म्हणताना मान वळते, बोटे हलतात, आणि १/१०० ला ती पुसट होतात. नटाची बोटे आणि डोळे जर पुसट आले, तर त्या प्रयोगाची नोंद म्हणून त्या चित्राला काय अर्थ उरला?

नवीन येणाऱ्यांच्या हातून इथे नेहमी होणारी चूक म्हणजे प्रकाशाचे मापन कॅमेऱ्यावर सोडणे. मागे काळा पडदा असतो, कॅमेरा तो उजळ करायला जातो आणि चेहरा पांढरा फटक पडतो. मी चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग, म्हणजे फक्त तेवढ्याच भागाचे मापन, करून मॅन्युअलवर राहते आणि प्रकाशयोजना बदलली की तेवढीच आयएसओ बदलते. दुसरी अडचण दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तिच्यावर थेट चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात आणि १/२०० ला एका चित्रात उजेड जास्त, दुसऱ्यात कमी येतो. कॅमेऱ्यात फ्लिकर टाळण्याची सोय असेल तर ती सुरू करावी. एलईडी दिव्यांखाली आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर चित्रावर आडवे पट्टे येऊ शकतात, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत एक चित्र मोठे करून तपासावे. नट विराम घेतो त्या शांत क्षणी मात्र शटरचा आवाज होता कामा नये. अशा वेळी मी चित्र सोडून देते.

फ्लॅश वापरू नये हे सांगावे लागू नये, तरी सांगते. आणि संस्थेची परवानगी आधी घ्यावी.

मुठाकाठ

रंगमागे ताई, कंप सावरणाऱ्या यंत्रणेबद्दल तुम्ही लिहिलेले वाक्य मला फार आधी कोणीतरी सांगायला हवे होते. कुस्तीत मी वर्षभर १/२०० वर राहून लेन्सला दोष देत होतो. मल्लाने ढाक टाकली की तो क्षण १/८०० शिवाय स्थिर येत नाही आणि तालमीतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात एफ २.८ सोडून तिथवर पोचता येत नाही.

नवीन_शटर, तुमच्यासाठी दोन सवयी लिहितो. डाव्या हाताचा तळवा लेन्सखाली, तिच्या वजनाच्या मध्यावर ठेवा आणि कोपर छातीला टेकवा. उजव्या हाताने फक्त शटर दाबायचे. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर संपूर्ण जोड लटकवू नका, कारण सगळा भार माउंटवर येतो. पट्टा लेन्सच्या कॉलरला, म्हणजे ट्रायपॉडला जोडायच्या कड्याला, बांधा. आणि झूम फिरवल्यानंतर पुन्हा फोकस करा. छायाचित्रणासाठी बनवलेल्या अनेक झूम लेन्सचा फोकस झूम बदलताना किंचित सरकतो. ७० वर फोकस धरून २०० वर गेलो की डोळ्याऐवजी मुंडाशाची कड स्पष्ट येते.

कवडीपाट

पक्ष्यांच्या बाजूने लिहितो, कारण बरेच जण पक्ष्यांसाठी म्हणून ही लेन्स घेतात आणि नंतर निराश होतात. आपले गणित पुढे नेतो. हिवाळ्यात पुण्याजवळच्या कवडीपाटला चक्रवाक येतात, त्यांची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर. ते ३० मीटरवर असतील तर २०० मिलिमीटरची चौकट ५.४ मीटर रुंद पडते आणि पक्षी तिचा जेमतेम आठवा भाग व्यापतो. पिसांचा तपशील यातून मिळत नाही. १.४ पटीचा कन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारे, पोच वाढवणारे भिंग) लावला तर लेन्स २८० मिलिमीटर आणि एफ ४ होते, २ पटीचा लावला तर ४०० आणि एफ ५.६. पहिला मी निःशंकपणे वापरतो. दुसऱ्याने रेखीवपणा आणि फोकसचा वेग दोन्ही जाणवण्याइतके उतरतात. कॅननच्या २०१९ च्या आरएफ ७०-२०० एफ २.८ ला कन्व्हर्टर बसतच नाही, तेव्हा घेण्यापूर्वी आपापल्या माउंटची चौकशी करावी.

तरीही ही लेन्स मी भिगवणला आवर्जून नेतो. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेव्हा ५०० मिलिमीटरवाल्यांना एकेक पक्षी मिळतो, पण थवा, पाणी, पलीकडचा काठ आणि मधून जाणारी कोळ्याची होडी हे सगळे एका चौकटीत धरायला ७० ते २०० चाच टप्पा लागतो. पन्नास मीटरवर २०० ला नऊ मीटर रुंद चौकट मिळते, तिच्यात पंधरा-वीस पक्षी आपापल्या प्रतिबिंबासह मावतात. होडीत शक्य तितके खाली बसावे. कॅमेरा पाण्याच्या जवळ आला की मागचे पाणी लांबपर्यंत धूसर होत जाते आणि पक्षी त्यातून उठून दिसतो.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. ऊन चढले की जमिनीलगतची हवा तापते, गरम आणि थंड हवेचे थर एकमेकांत मिसळू लागतात आणि त्यांतून येणारा प्रकाश सतत वाकतो. डांबरी रस्त्यावर दुपारी जे पाणी हलल्यासारखे दिसते तेच हे. कवडीपाटच्या बंधाऱ्यावरचे दगड सकाळी दहानंतर तापले की पन्नास मीटरवरचा पक्षी मऊ, म्हणजे अस्पष्ट, येऊ लागतो. एका हिवाळ्यात मी लेन्सचा फोकस बिघडला असे समजून ती तपासायला दिली. तिच्यात काहीही दोष निघाला नाही, आणि तीच लेन्स पहाटे सहाला त्याच जागेवर निर्दोष चित्रे देत होती. यावर उपाय दोनच आहेत, लवकर जाणे आणि जवळ जाणे. मोटारीतून चित्रे काढत असाल तर एसी बंद करून काचा काही वेळ आधी उघडून ठेवा, नाहीतर आतली थंड आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच मिसळते आणि तोच परिणाम होतो.

जवळ जाण्याला मात्र मर्यादा आहे. पक्ष्याने खाणे थांबवून मान वर केली की आपण तिथेच थांबायचे.

तालीम_गल्ली

विसर्जन मिरवणुकीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी पथकात सहा वर्षे ताशा वाजवला आणि आता मिरवणुकीची छायाचित्रे काढतो. लक्ष्मी रस्त्यावर खाली उभे राहून ही लेन्स वापरणे कठीण असते, कारण दहा मीटरचे मोकळे अंतर मिळतच नाही आणि मध्ये कोणाचा तरी मोबाइल वर येतो. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी मिळाली तर तिचे खरे काम सुरू होते. त्यासाठी महिनाभर आधी जाऊन घरच्या मंडळींना विचारावे लागते. मी जिथून चित्रे काढतो त्या घरातल्या आजींना दर वर्षी मिरवणुकीतल्या चित्रांची मोठी प्रत नेऊन देतो.

गॅलरीतून ढोलांच्या रांगा एकामागे एक दिसतात आणि सगळ्यांचे टिपरू एकाच वेळी वर गेले की ती रांग डोळ्यांत भरते. १/१००० ला टिपरू हवेत थांबते. १/६० ला हात आणि टिपरू वाहते येतात आणि चेहरा स्थिर राहिला तर तालाची जाणीव होते. मात्र दहातले एखादेच चित्र जमते. मला दुसरा प्रकार अधिक खरा वाटतो, कारण ढोल वाजवताना आम्हाला हात थांबलेला कधी दिसतच नाही.

आता सावधगिरीचे. गुलाल फार बारीक असतो. तीन वर्षांपूर्वी मिरवणुकीनंतर घरी येऊन मी लेन्स ओल्या फडक्याने पुसली, ते माझे चुकले. ओला गुलाल झूमच्या कड्याच्या फटीत बसला आणि कडे खरखरू लागले. ज्या दुरुस्तीवाल्याकडे दिली त्याने ती उघडली, पण परत मिळाली तेव्हा एका कडेचा रेखीवपणा गेलेला होता आणि आतली भिंगे पुन्हा नीट जुळवून मिळेपर्यंत चार महिने गेले. तेव्हापासून हा क्रम पाळतो: आधी हवेच्या फुग्याने, मग कोरड्या मऊ ब्रशने, आणि काहीच उरले नाही याची खात्री झाल्यावरच फडके. गुलालात लेन्स बदलायची नाही. समोर चांगल्या प्रतीचा फिल्टर आणि हूड दोन्ही ठेवायचे, आणि झूमच्या कड्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी रबराने बांधायची. झूम करताना लांब होणारी लेन्स असेल तर ही काळजी जास्त घ्यावी.

जुनी_फिल्म

तालीम_गल्ली यांच्या अनुभवाला जोडून पावसाळ्याबद्दल लिहितो. पुण्यात जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत बंद करून कपाटात ठेवू नये. दमट आणि अंधाऱ्या जागी भिंगांवर बुरशी धरते. ड्राय कॅबिनेट असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. ते शक्य नसेल तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरतो. सिलिका जेलचा रंग बदलला की ते पुन्हा कोरडे करायला विसरू नये. मुख्य म्हणजे लेन्स वापरात ठेवावी.

जुनी लेन्स घेणार असाल तर विक्रेत्याकडे दिवसा जा. दोन्ही झाकणे काढून, छिद्र पूर्ण उघडून, एका बाजूने बॅटरीचा झोत टाका आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, सौदा तिथेच थांबवा. थोडी धूळ दिसली तर घाबरू नका, तिचा चित्रावर परिणाम होत नाही. मग ट्रायपॉडवरून, विटांच्या भिंतीसमोर अगदी सरळ उभे राहून ७०, १३५ आणि २०० वर पूर्ण उघड्या छिद्राने चित्रे काढा आणि चारही कोपरे एकमेकांशी ताडून पाहा. एकच कोपरा सातत्याने मऊ येत असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता धरावी. बिल आणि त्यावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी जुळतो का, ते शेवटी पाहा.

रंगमागे

एक विषय राहिला आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपण दूर उभे राहतो तेव्हा समोरच्या माणसाला आपण दिसत नाही. वारीत बायका विसाव्याला बसतात, ओली लुगडी वाळवतात, डोळे मिटून पडतात. २०० मिलिमीटरवरून ते सहज टिपता येते, आणि म्हणूनच ते टिपावे का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. दिंडी चालत असते, अभंग चालू असतो, तेव्हा ती माणसे सगळ्यांसमोर असतात. विसाव्याला बसलेली बाई तशी नसते. अशा वेळी मी लेन्स खाली करते, जवळ जाऊन "माउली, फोटो काढू का?" असे विचारते आणि होकार मिळाला तर ७० मिलिमीटरवर, तीन-चार मीटरवरून काढते. ती चित्रे वेगळी होतात. त्यांत समोरची व्यक्ती आपल्याकडे पाहत असते.

मुठाकाठ

ताई, हे मूळ लेखात यायला हवे होते. माझ्या पहिल्या वर्षाच्या चित्रांत अशी काही होती, ती मी संग्रहातून काढून टाकली.

नवीन_शटर

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमचा सल्ला मानून लेन्स विकत न घेता एफ ४ ची ७०-२०० घाटाच्या दिवसापुरती भाड्याने घ्यायचे ठरवले आहे. ताई, विसाव्याच्या वेळचे तुमचे म्हणणे लक्षात ठेवीन. मुठाकाठ दादा, शेवटचा प्रश्न: घाटात वरच्या वळणावर साधारण किती वाजता पोचावे आणि मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा आधार, न्यावा का?

मुठाकाठ

पालखी घाट चढते त्या दिवशी वाहतूक वळवलेली असते, म्हणून सकाळीच निघा आणि शेवटचा टप्पा चालत जा. पालखी यायच्या किमान तीन तास आधी वर पोचा, कारण पुढच्या दिंड्या आधीपासून येत असतात आणि त्यांच्यावर सराव करता येतो. कठड्यापासून दूर, पाय घट्ट रोवता येतील अशी जागा धरा आणि तिथून खालचे वळण ५० ते ८० मीटरवर येते का ते पाहा. तुमच्या कॅमेऱ्यावर ६० मीटरला २०० मिलिमीटरची चौकट सुमारे सात मीटर रुंद पडेल, म्हणजे दिंडीची पूर्ण रुंदी मावेल. रथाला घाटात जादा बैलजोड्या जोडलेल्या असतात. त्या सगळ्या चौकटीत घ्यायच्या असतील तर झूम १२० मिलिमीटरच्या आसपास आणावा लागेल.

मोनोपॉड गर्दीत दुसऱ्याच्या पायात येतो आणि तिथे अनेक जण अनवाणी असतात, म्हणून तो नेऊ नका. शटर १/५०० च्या खाली जाऊ देऊ नका, छिद्र ५.६ ठेवा आणि आयएसओ कॅमेऱ्याला ठरवू द्या. पावसासाठी पारदर्शक पिशवी, दोन कोरडे पंचे आणि प्यायचे पाणी बरोबर ठेवा. मी वरून दुसऱ्या वळणावर डाव्या हाताला असेन, तिथे भेटा.